लिलावात गेलेलं कोहळं

पाद्र्याच्या बायकोनं खोटं बोलू नये, असं कुठं लिहून ठेवलेलं नाही. म्हणजे, लिहून ठेवलंय, चांगलं दगडावर कोरून ठेवलंय, पण ते सगळ्यांसाठी. पाद्रीणबाईंसाठी वेगळं कलम नाही. तरी नोव्हेंबरातल्या त्या रविवारी, दुपारी चार वाजता, चर्चच्या पायरीवर उभं राहून सालोमीनं जे खोटं ठोकून दिलं, ते तिचं तिलाच इतकं सफाईदार वाटलं की ती घाबरली.

त्याचं असं झालं.

शांतवन आणि सालोमी मूळचे नगर जिल्ह्यातले. मिशननं त्यांना तीन वर्षांपूर्वी चांदूर बाजारच्या टोकाला असलेल्या टिनाच्या चर्चवर धाडलं. मंडळी किती, तर चौदा घरं. त्यातली पाच भांडलेली. राहायला चर्चला चिकटून दोन खोल्या आणि समोर लोखंडी जाळी लावलेला लांब ओटा. शांतवन सकाळी मोटरसायकल काढायचा आणि ज्याचं जे अडलं असेल ते करायचा. त्याला दर महिन्याला नगरला अहवाल पाठवावा लागे. त्यात 'आत्मिक फळ' असा एक रकाना होता. तिथं शांतवन इमानदारीनं आडवी रेघ मारायचा आणि 'इतर' या रकान्यात बारीक अक्षरात लिहायचा: तीन आधार कार्डं दुरुस्त केली, एका आजीबाईला मोतीबिंदूसाठी अमरावतीला नेलं, विहिरीतून बकरी काढली. नगरहून कधी उत्तर यायचं नाही. बकरीबद्दल तरी दोन शब्द लिहायचे की नाही!

सालोमी ओट्यावर शिवणवर्ग घ्यायची आणि रक्तदाब मोजायची. वर्गाला शिकायला येणाऱ्या सहा आणि "मले मशीन लाव वो बाई" म्हणत दंड पुढं करणाऱ्या साठ. पण ओट्याच्या पलीकडं, घरात, कुणी यायचं नाही. चहा विचारला की "आताच घेतला" हे ठरलेलं. सुरुवातीला सालोमीला वाईट वाटायचं. मग सवय झाली आणि मग सवय झाली याचं वाईट वाटायला लागलं.

याला अपवाद एकच, मनकर्णाबाई. चर्चच्या कुंपणाला लागून तिचं दीड एकराचं वावर. माळ्याची बाई, साठीला आलेली, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. वांगी, पालक, झेंडू काढायची आणि बाजारात स्वतः बसून विकायची. तोंड असं की गिऱ्हाईक भाव पाडायला वाकायचं आणि तसंच सरळ व्हायचं. ती मात्र सालोमीच्या स्वयंपाकघरात थेट यायची, पातेल्यावरचं झाकण उचलून बघायची आणि "हे काय, भाजी हाय का पानी?" असं म्हणून निघून जायची. सालोमीला तिचं येणं इतकं आवडायचं की पातेल्यात काय आहे याचं तिला काही वाटायचं नाही.

तर शनिवारी संध्याकाळी ही मनकर्णाबाई डोक्यावर मोठं कोहळं घेऊन आली. लालभडक, बारा-एक किलोचं. म्हणजे लाल भोपळा; नगरकडं याला डांगर म्हणतात, इथं कोहळं.

"बाई, हे तुझ्या जाळीत ठेवतो आजच्या दिवस," ती म्हणाली. "वानरायनं उच्छाद मांडला. काल छपरावरून दोन नेले. हे एकच राहिलं."

"ठेवा की मावशी."

"ठेवा की नाई. नीट ऐक." मनकर्णाबाईनं कोहळं दोन्ही हातांनी खाली उतरवलं. "हे खायचं नोहे, बियाचं हाय. माझ्या मायनं मले देलं, तिच्या मायनं तिले. इकत नाई आमी हे बी. सुनेलेई देत नाई. फक्त लेकीले. औंदा पान्यानं वेल सडले, तीनच धरले, त्यातलं हे एक हाती लागलं. दामिनीचं लग्न हाय चौदा तारखेले. तिच्या ओटीत जाईन हे."

दामिनी म्हणजे तिची एकुलती एक लेक. सालोमीनं तिच्या लग्नाच्या तीन पोलक्यांना स्वतः काजं केली होती. तिनं कोहळं जाळीच्या आत कोपऱ्यात ठेवलं, कडी लावली, आणि नवऱ्याला सांगायचं म्हणून घरात वळली. तेवढ्यात भाताचा फोन आला. दुसऱ्या दिवशी हंगामाचा सण होता आणि ज्या घरून भाताचं मोठं पातेलं येणार होतं त्यांनी ते भलत्याच लग्नाला देऊन टाकलं होतं. सालोमी पातेल्याच्या मागं लागली आणि कोहळं डोक्यातून निघून गेलं ते गेलंच.

आता हंगामाचा सण म्हणजे काय, तर शेतात पिकलं त्यातलं थोडं देवापुढं आणून ठेवायचं. आणि उपासना झाली की त्या सगळ्याचा लिलाव. पाच रुपयांची मेथी दोनशेला जाते आणि घेणाऱ्याची छाती फुगते. पूर्वी तिथं नावं वाचायचे: अमक्याची तूर, तमक्याची संत्री. त्यावरून रुसवेफुगवे व्हायचे. शांतवननं आल्या वर्षी तो प्रकार बंद केला. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये, असं सांगून त्यानं नियम घातला की ज्यानं त्यानं आपलं दान गुपचूप आणून जाळीच्या ओट्यावर ठेवावं, कुणी कुणाला विचारू नये. नियम मोठा देखणा होता. फक्त ओट्यावर ठेवलेली एखादी वस्तू दान नसूही शकते, हे त्यात कुठं बसवलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी पंच जानराव आणि दोघांनी ओट्यावरचं झाडून सगळं उचलून वेदीपुढं मांडलं. संत्र्यांच्या टोपल्या, तुरीच्या ओल्या शेंगा, वांगी, पाय बांधलेला एक कोंबडा आणि मधोमध ते कोहळं. सालोमी तेव्हा मागच्या अंगणात चुलीपाशी होती. प्रीतिभोजनाचं वरण ढवळता ढवळता तिला भोंग्यावरून जानरावांचा आवाज ऐकू आला. "बोला, बोला! असं कोहळं पुऱ्या तालुक्यात भेटनार नाई! चारशे! पाचशे! कुंदनभाऊ, मांगं सरू नका!"

सालोमी शेजारच्या बाईला हसून म्हणाली, "कुणी आणलंय गं एवढं मोठं?" एवढं बोलून तिनं वरणात मीठ टाकलं. आता बोला!

अकराशे रुपयांना कोहळं कुंदनला सुटलं. कुंदन मूळचा याच मंडळीतला, आता अकोल्याला जठारपेठेत आई आणि बायकोसोबत राहणारा. सणाला मुद्दाम गाडी करून एकटाच आला होता. जेवला, कोहळं डिकीत घातलं आणि तीनच्या आत निघून गेला.

चार वाजता मनकर्णाबाई आली.

"दे वो बाई माझं कोहळं."

सालोमीनं जाळीकडं पाहिलं. ओटा झाडून पुसून लख्ख केलेला.  एका क्षणात तिला सगळं दिसलं, वरणात टाकलेल्या मिठासकट. आणि तोंडानं, तिला न विचारता, बोलायला सुरुवात केली.

"मावशी, इथं गर्दी होती ना, म्हणून मी ते आत कपाटात ठेवलं. किल्ली यांच्याकडं आहे आणि हे गेलेत बाहेर. उद्या सकाळी मी स्वतः आणून देते."

मनकर्णाबाईनं तिच्याकडं पाहिलं. नेहमी इतकं बोलणारी बाई, पण "बरं" एवढंच म्हणाली आणि गेली.

शांतवन बाहेर कुठला गेलाय! तो आत पलंगावर पडून घोरत होता. सालोमीनं त्याला हलवून उठवलं आणि सगळं सांगितलं. कोहळ्याचंही आणि खोट्याचंही. तो उठून बसला. चष्मा शोधला.

"कपाटात? बारा किलोचं कोहळं आपल्या कपाटात मावतं का?"

"तुम्हाला आत्ता माप सुचतंय! कुंदनला फोन लावा."

त्या घरातला नंबर एकट्या त्याचाच होता आणि फोन लागेना. बंद. दहा वेळा लावला, दहाही वेळा बंद. आणि तो का बंद, हे दोघांनाही ठाऊक होतं. उपासनेच्या आधी दारात उभं राहून प्रत्येकाचा फोन बंद करून घ्यायचा, हाही शांतवनचाच नियम. कुंदन लहानपणापासून सांगितलेलं ऐकणारा. त्यानं तो बंद केला होता आणि पुन्हा चालू करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"माझे नियम," शांतवन म्हणाला.

"नियमांचं नंतर बघू. मोटरसायकल काढा."

अमरावतीपर्यंत मोटरसायकल, तिथं एस.टी. स्टँडवर ती लावून अकोल्याची बस. रविवारची संध्याकाळ, बस भरलेली. मूर्तिजापूरपर्यंत दोघं उभी. सालोमीनं मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली, पण मागायचं काय हेच कळेना. कोहळं चिरलेलं नसू दे, असं मागावं तर ते एव्हाना चिरलेलं असेल किंवा नसेल. मला माफ कर, असं मागावं तर माफ करणारी बाई चांदूर बाजारात पालक निवडत बसलेली. शेवटी तिनं नुसतं "बघ बाबा" एवढंच म्हटलं. शांतवन म्हणाला, "काय गं?" ती म्हणाली, "तुम्हाला नाही."

जठारपेठेत कुंदनचं घर सापडेपर्यंत आठ वाजत आले. आणि घर सापडलं ते वासावरून. गूळ आणि वेलदोड्याचा, तेलात काहीतरी गोड तळत असल्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता. सालोमीनं पावलं भरभर उचलली.

"या, या, पाळकसाहेब!" कुंदनची आई गोदाबाई झारा हातात घेऊनच दारात आली. "कशी वेळ साधली पाहा! बोंडंच तळून राहिली. तुमच्याच चर्चमधलं कोहळं हाय."

"सगळं चिरलं?" सालोमीनं विचारलं.

"सगळं. अर्धं शेजारी वाटलं."

"आणि बी?"

"बी? थे काय करतं? गाभ्यासंगं बादलीत टाकलं. देवमन गवळी आताच घेऊन गेला म्हशीले." गोदाबाईनं दोघांच्या तोंडाकडं पाहिलं. "काहून? काय झालं?"

सांगायला वेळ नव्हता. "कुठं राहतो देवमन?" शांतवननं विचारलं, आणि मग काय, पुढं कुंदन, त्याच्या मागं शांतवन, मागं सालोमी, मागं कुंदनची बायको मंजुषा आणि शेवटी झाऱ्यासकट गोदाबाई अशी वरात मागच्या गल्लीत पळाली. देवमननं नुकतीच बादली म्हशीपुढं उपडी केली होती. म्हशीनं तोंड घातलं होतं. शांतवननं मागचापुढचा विचार न करता, सणाच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यानिशी, तिच्या तोंडाखाली दोन्ही हात खुपसले.

"अहो साहेब!" देवमन ओरडला. "मारकी हाय थे!"

"मारू दे," शांतवन म्हणाला.

म्हशीनं मारलं नाही. नवल वाटून ती दोन पावलं मागं सरली आणि हा कोण चारा खाणारा नवा प्राणी आला, म्हणून बघत राहिली. मग सगळेच खाली बसले. भाज्यांची देठं, शिळ्या पोळ्या, भाताचं पाणी, त्यातून एकेक बी वेचलं. गोदाबाई स्वतः शेतकऱ्याची लेक; तिला आता हकिकत कळली आणि ती आधी स्वतःवर, मग कुंदनवर आणि सरतेशेवटी म्हशीवर चिडली. बाकीच्या म्हशीनं गिळल्या होत्या, एकतीस बिया तेवढ्या निघाल्या. त्यातल्या दोन चावलेल्या.

एकोणतीस बिया धुतल्या, कोरड्या फडक्यानं टिपल्या आणि कागदावर पसरून पंख्याखाली ठेवल्या. मग बोंडं खाल्ली. सालोमी म्हणाली होती की माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, सहा उतरली. चव अशी होती की तिला पुन्हा नव्यानं अपराधी वाटलं.

मुक्काम तिथंच पडला. जेवणं झाल्यावर कुंदननं तोड काढली. "पाळकसाहेब, सकाळी मी बाजारातून सेम टू सेम कोहळं आनतो. थे त्यायले द्या. बी आपलं अस्सल हायेच, हळूच संग देऊन टाका, आमचंई थोडं घ्या म्हना. बोभाटा कायले?"

सालोमीच्या मनात ते भरलं. अगदी भरलं. तिनं डोळ्यांपुढं ते दुसरं कोहळं आणून, मनकर्णाबाईच्या ओट्यावर ठेवूनसुद्धा पाहिलं. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो सदऱ्याच्या बाहीवरचे डाग निरखत होता.

"तू ठरव," तो म्हणाला. "मी आता नियम करायचे सोडलेत."

सोमवारी साडेदहाला दोघं घरी पोचली. शांतवन म्हणाला, "मी येऊ का बरोबर?" सालोमी म्हणाली, "खोटं मी बोलले, तुम्ही तिथं काय करणार?" आणि बियांची पुडी रुमालात बांधून ती कुंपणापलीकडं गेली. दुसरं कोहळं तिनं आणलं नव्हतं.

मनकर्णाबाई बांधावर बसून पालकाच्या जुड्या बांधत होती. सालोमी उभ्या उभ्याच बोलली. बसली असती तर बोलणं झालं नसतं.

"मावशी, तुमचं कोहळं कपाटात नव्हतं. काल मी खोटं बोलले. ते लिलावात गेलं. तुम्ही ठेवलेलं मी यांना सांगायला विसरले. अकोल्याला गेलं आणि तिथं चिरलं."

मनकर्णाबाईनं जुडी बांधून पूर्ण केली. मग ती बाजूला ठेवली.

"माहीत हाय," ती म्हणाली.

"काय?"

"भोंगा काय फक्त तुमालेच ऐकू येते? जानराव बोंबलून राहिला, असं कोहळं पुऱ्या तालुक्यात नाई. म्या म्हटलं, हे तर माझंच. धावत सुटली."

"मग आला का नाहीत? तेव्हाच थांबवलं असतं आम्ही!"

मनकर्णाबाई दुसरी जुडी बांधू लागली. तिचे कान लाल झाले होते. सालोमीनं तीन वर्षांत तिला लाजताना पाहिलं नव्हतं.

"चारशे झाले," मनकर्णाबाई खाली बघत म्हणाली. "मंग पाचशे. बाई, चाळीस वर्सं झाली मले बाजारात बसून. माझ्या मालाले कोणी चढवत नाई, पाडतेत. दहाचं आठाले दे, आठाचं पाचाले दे. अन् इथं माझ्या कोहळ्यासाठी मान्सं भांडून राहिले. पाय पुढं उचललेच नाई. इथंच धुऱ्यावर बसली अन् ऐकत राहिली. सातशे, नऊशे, अकराशे. त्याच खुशीत किती वेळ बसून राहिली, मंग ध्यानात आलं का अवो माय, हे तर दामिनीचं बी! आली पळत, तं गाडी फाटकातून जाऊन राहिली होती." तिनं पदरानं नाक पुसलं. "दामिनीले अजून सांगतलं नाई. काय सांगू? का तुयी माय बोली ऐकत बसली?"

सालोमीला हसू आलं आणि रडूही, आणि कुठलं आधी येऊ द्यावं ते तिला कळेना.

"मग काल चार वाजता आलात ते?"

"तू काय बोलते थे पाहाले. खरं बोलली असती तं मीई सांगनार होती, का माझीई चूक हाय. तू कपाट काढलं. मले लय राग आला, खोटं कायले सांगू. घरी जाऊन भाकर खाल्ली नाई. म्हटलं, एक घर होतं जिथं इचारून झाकन उघडा लागत नव्हतं. थेई गेलं."

 सालोमीनं रुमालाची गाठ सोडली आणि पुडी उघडून मनकर्णाबाईच्या पुढ्यात धरली. मनकर्णाबाईनं आधी पाहिलं. मग एक बी उचललं, नखानं दाबलं, नाकाशी नेलं.

"हे माझंच हाय," ती म्हणाली. "कुठून आनलं?"

"म्हशीच्या तोंडातून. यांनी काढलं."

"पादरीबाबानं? म्हशीच्या तोंडात हात घातला?"

"दोन्ही."

मनकर्णाबाई अशी हसत सुटली की पलीकडच्या वावरातल्या बाया उठून उभ्या राहिल्या. हसता हसता डोळे पुसले, डोळे पुसता पुसता पुन्हा हसली. मग एकदम गंभीर होऊन तिनं बिया पदरात ओतून घेतल्या आणि बोटानं वाटे करायला लागली. एक वाटा मोठा. "हे दामिनीचं." एक त्याहून लहान. "हे माझं, पुढच्या सालाले." उरल्या सात-आठ बिया तिनं मुठीत घेतल्या आणि मूठ सालोमीच्या पुढं केली.

"धर."

"मला? मावशी, हे तर तुम्ही फक्त लेकीला..."

"मले काय शिकवते? माझं बी, मी कोनालेई देईन. पदर कर पुढं." सालोमीनं पदर पसरला. मनकर्णाबाईनं मूठ त्यात रिकामी केली. "दोन लेकी झाल्या म्हना मले. एक खोटारडी निघाली. आता पदरात पडली, काय करता!"

सालोमीला पुढचं काही दिसेना. नगर सोडून आल्यापासून ती एवढी रडली नव्हती. टपटप पाणी पदरावर पडायला लागलं, तशी मनकर्णाबाईनं झटक्यात तिचा पदर बाजूला ओढला.

"बाजूले हो, तिकडे रड," ती म्हणाली. "वल्लं झालं तं बी कुजन ना वो!"